वस्तऱ्याची दाढी खरंच स्वस्त पडते का? नव्याने सुरुवात करणाऱ्यांसाठी हिशेब आणि कृती

वस्तरा एकदा घेतला की जन्मभर पुरतो, मग ब्लेडवर दर महिन्याला पैसे कशाला घालवायचे, असं म्हणत बरीच तरुण मंडळी हल्ली वस्तऱ्याकडे वळतात. हा हिशेब मुळात अमेरिका-युरोपातल्या ग्राहकांचा आहे. तिथे बहुपात्यांच्या कार्ट्रिजवर (रेझरच्या दांड्याला लावायचं, बदलता येणारं पात्यांचं डोकं) वर्षाकाठी भरपूर पैसा जातो, त्यामुळे चांगला वस्तरा काही वर्षांत वसूल होतो. आपल्याकडे कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात दुधारी ब्लेड चार-पाच रुपयांत मिळतं. त्यामुळे तिकडचं गणित जसंच्या तसं उचललं की फसगत होते.

माझं मत आधीच सांगून टाकतो. तुम्ही आज महागडी कार्ट्रिजं वापरत असाल तर वस्तरा परवडू शकतो, पण तो कसा आणि कुठून घेता यावर ते अवलंबून आहे. साधं दुधारी ब्लेड वापरत असाल तर वस्तऱ्याने एक रुपयाही वाचणार नाही. मग तो घ्यायचा तर दाढीच्या गुणासाठी, हाताच्या कसबासाठी, कचरा कमी व्हावा म्हणून घ्यायचा. ही कारणंही चांगलीच आहेत, फक्त त्यांना बचतीचं नाव देऊ नये.

आधी हत्यारांची ओळख

बाजारात चार प्रकार आहेत. पहिला अस्सल वस्तरा: पोलादाचं एकच पातं, मुठीत मिटणारं, दगडावर आणि चामड्याच्या पट्ट्यावर पुन्हा पुन्हा धार लावायचं. दुसरा बदलत्या पात्याचा वस्तरा, म्हणजे आजकाल सलूनमध्ये दिसतो तो. तिसरा दुधारी ब्लेडचा सेफ्टी रेझर, जो आपल्या वडील-आजोबांच्या कपाटात असायचा. चौथा कार्ट्रिजवाला किंवा वापरून फेकायचा रेझर.

किंग कॅम्प जिलेट यांनी फेकून द्यायच्या पात्याचा रेझर विकायला सुरुवात केली १९०३ साली, आणि त्या पहिल्या वर्षात खपले अवघे ५१ रेझर आणि १६८ पाती. पेटंट मिळालं १९०४ मध्ये. त्याआधी घरी दाढी करायची म्हणजे बहुतेक वस्तऱ्यानेच. जिलेट यांच्या व्यवसायाचा गाभा हा की गिऱ्हाईक रेझर एकदाच घेतो, पण पातं पुन्हा पुन्हा विकत घेत राहतो. १९७१ मध्ये दोन पात्यांचं कार्ट्रिज आलं, १९९८ मध्ये तीन पात्यांचं, २००६ मध्ये पाच पात्यांचं. पाती वाढत गेली तशी किंमतही चढत गेली.

भारतात मात्र उलट दिशेनेही एक गोष्ट घडली. इथे अनेक घरांत नळाला सतत पाणी नसतं, माणूस मगभर पाण्यात दाढी उरकतो. अशा पाण्यात अनेक पात्यांच्या मधे अडकलेले केस निघत नाहीत. हे लक्षात घेऊन जिलेटने २०१० साली एकच पातं असलेला 'गार्ड' बाजारात आणला, तेव्हा रेझर १५ रुपये आणि कार्ट्रिज ५ रुपये. दुधारी ब्लेडं तर इथे आधीपासून भरपूर बनतात, सुपरमॅक्सची ब्लेडं ठाण्यात बनायची. स्वस्त पात्याशी स्पर्धा करून वस्तऱ्याला इथे जिंकणं का जड जातं, ते यातून कळेल.

पायरी १: आजचा खर्च मोजा

अंदाजाने मोजू नका. नवं ब्लेड किंवा कार्ट्रिज लावलं की त्या दिवसाची तारीख रेझरच्या डबीवर लिहा. दाढी ओढायला लागली, एकाच जागी दोनदा-तीनदा हात फिरवावा लागला की ते बदला आणि त्यावर किती दाढ्या झाल्या ते मोजा. दोन-तीन पात्यांची सरासरी काढा. राठ दाढीच्या माणसाला जे ब्लेड तीन वेळा पुरतं तेच विरळ दाढीवाल्याला आठ वेळा पुरतं, म्हणून दुसऱ्याचा आकडा तुमच्या कामाचा नाही.

पुढे मी धरलेले आकडे हे गणित दाखवण्यापुरते आहेत. तुमच्या दुकानातला भाव आणि तुमची सरासरी घालून ते पुन्हा मांडा. दाढी एक दिवसाआड, म्हणजे वर्षाला सुमारे १८० वेळा, असं धरू.

दुधारी ब्लेड ४ रुपयांचं, पाच दाढ्या चालतं: वर्षाला ३६ ब्लेडं, १४४ रुपये. एकपाती स्वस्त कार्ट्रिज १२ रुपयांचं, सहा दाढ्या: ३० नग, ३६० रुपये. तीन पात्यांचं कार्ट्रिज १३० रुपयांचं, दहा दाढ्या: १८ नग, २,३४० रुपये. पाच पात्यांचं २२० रुपयांचं, बारा दाढ्या: १५ नग, ३,३०० रुपये.

साबण, क्रीम, ब्रश, तुरटी यांचा खर्च यात धरलेला नाही, कारण तो कुठल्याही हत्याराला सारखाच लागतो. पण इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. डब्यातला तयार फेस वापरत असाल तर आधी तो सोडून ट्यूबमधलं क्रीम आणि ब्रश घ्या. दुधारी ब्लेडवाल्याच्या बाबतीत तर फेसाचा खर्च ब्लेडच्या खर्चापेक्षा कितीतरी जास्त असतो आणि ते कुणाच्या लक्षातच येत नाही. ब्रशने केस उभे राहतात, पाणी मुरतं, पातं कमी झिजतं. ज्याला फक्त पैसे वाचवायचे आहेत त्याने दुधारी रेझर, ट्यूब आणि ब्रश एवढं केलं की काम झालं. त्याला या लेखाचा पुढचा भाग वाचायची गरजही नाही.

पायरी २: वस्तऱ्याचा पूर्ण खर्च मांडा

नवखा माणूस फक्त वस्तऱ्याची किंमत बघतो. खरा खर्च तीन जागी असतो: वस्तरा, पट्टा आणि धार.

जर्मनीतल्या झोलिंगेन गावचा नवा चांगला वस्तरा कुरिअर आणि कस्टम ड्युटीसकट घरी येईपर्यंत १४,००० रुपयांना पडतो असं धरू. चामड्याचा पट्टा २,००० रुपये. म्हणजे सुरुवातीलाच १६,००० गेले. धार रोज पट्ट्यावर जपली जाते, पण काही महिन्यांनी ती उतरतेच, आणि मग दगडावर घ्यावी लागते. जाणकाराकडे वर्षातून एकदा पाठवायची तर पाठवणी धरून ८०० रुपये मोजू.

आता बरोबरी लावा. पाच पात्यांच्या कार्ट्रिजवर ३,३०० जात होते, त्यातून धारेचे ८०० वजा केले की वर्षाला २,५०० वाचतात. १६,००० वसूल व्हायला साधारण साडेसहा वर्षं. तीन पात्यांवाल्याचे १,५४० वाचतात, म्हणजे दहा वर्षांहून थोडं जास्त. स्वस्त कार्ट्रिजवाल्याचा वर्षाचा सगळा खर्च ३६०, आणि नुसती धारच ८००ची. तिथे वसुली कधीच होत नाही. दुधारी ब्लेडवाल्याचंही तेच.

धार स्वतः लावायचं ठरवलं तर? चांगले दगड ५,००० रुपयांचे धरले तर सुरुवातीचा आकडा २१,००० होतो आणि वर्षाला बारीकसारीक १०० रुपये. पाच पात्यांवाल्याचे पैसे तरीही साडेसहा वर्षांतच सुटतात, तीन पात्यांवाल्याचे साडेनऊ वर्षांत. दुधारीवाला मात्र वर्षाला ४४ रुपये वाचवतो. २१,००० भागिले ४४ केलं की ४७७ वर्षं येतात.

पण तिसरा एक मार्ग आहे आणि मला तोच सगळ्यात आवडतो: जुना वस्तरा. घरात आजोबांचा असेल तर उत्तमच. नाहीतर पुण्यात बुधवार-रविवारचा जुना बाजार, मुंबईचा चोर बाजार. जुना पण धड वस्तरा ५०० रुपयांत मिळाला असं धरू, त्याला जाणकाराकडून धार ८०० रुपयांत, पट्टा २,०००. एकूण ३,३००. तीन पात्यांवाल्याचे हे पैसे दुसऱ्या वर्षाच्या मध्यावर भरून निघतात, पाच पात्यांवाल्याचे तर पहिल्याच वर्षात. वस्तऱ्याची दाढी स्वस्त पडते हे म्हणणं आपल्याकडे खरं ठरतं ते इथे.

यात हौसेचा खर्च धरलेला नाही. एक वस्तरा घेतला की दुसरा दिसतो, मग वेगळ्या घडणीचा तिसरा, मग बेल्जियमचा नैसर्गिक दगड. हौस म्हणून करा, आनंदाने करा, पण तो खर्च वेगळ्या खात्यात लिहा. आणि विमानप्रवासात हातातल्या सामानात वस्तरा नेता येत नाही, तेव्हा एक साधा कार्ट्रिजवाला रेझर घरात राहणारच.

पायरी ३: पहिले दोन महिने बदलत्या पात्याचा वस्तरा

एवढे पैसे घालण्याआधी हाताला हे जमतंय का ते बघा. सलूनच्या सामानाच्या दुकानात बदलत्या पात्याचा वस्तरा शंभर-दोनशे रुपयांत मिळतो. त्यात दुधारी ब्लेडचं अर्धं पातं बसतं. न्हावी ते कसं करतो ते नीट बघा: ब्लेड कागदातून काढतच नाही. कागदासकट दोन बोटांत धरून लांबीच्या बाजूने मधोमध वाकवतो, कट्ट आवाज होतो, दोन सरळ तुकडे होतात, मग त्यातला एक खाचेत सरकवतो. कागद आधी काढला तर बोट कापतं आणि तुकडाही वाकडा तुटतो.

सलूनमध्ये प्रत्येक गिऱ्हाइकाला नवा तुकडा लागतो, आणि तो तुमच्यासमोर बदलला जातोय हे पाहून घेणं तुमचं काम, कारण रक्तातून पसरणाऱ्या काविळीसारखे आजार वापरलेल्या पात्यातून जाऊ शकतात. घरी एकट्याच्या वापरात अर्धा तुकडा दोन दाढ्या सहज देतो. म्हणजे एक ब्लेड चार दाढ्यांना, वर्षाला ४५ ब्लेडं, १८० रुपये. बऱ्याच जणांचा प्रवास इथेच थांबतो आणि त्यात काही गैर नाही. वस्तऱ्याची बहुतेक मजा आणि दुधारी ब्लेडचा भाव, दोन्ही मिळतं.

एक सावधगिरी: हे पातं अस्सल वस्तऱ्यापेक्षा जास्त झोंबतं. ते पातळ आणि ताठ असतं, कोपरे टोकदार असतात, चुकलेल्या कोनाला माफी नसते. यावर हात बसला की अस्सल वस्तरा सौम्य वाटतो.

मधुमेह असेल, रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल, हात थरथरत असेल तर वस्तऱ्याच्या वाटेला जाऊच नका.

पायरी ४: वस्तरा निवडणं

वस्तऱ्याच्या पात्याची रुंदी इंचाच्या आठव्या भागात सांगतात. नवख्याने पाच-अष्टमांश किंवा सहा-अष्टमांश घ्यावा. त्याहून अरुंद पातं नाकाखाली छान फिरतं पण साबण कमी साठवतं. रुंद पातं जड जातं. टोक गोल असावं, चौकोनी टोक कान आणि ओठांपाशी टोचतं. पात्याच्या दोन्ही बाजू आत खोलगट घासलेल्या असतात. तो खोलगटपणा जास्त असेल तर पातं लवचिक होतं, दाढी करताना त्यातून केस कापल्याचा आवाज स्वच्छ ऐकू येतो, आणि नवख्याला तो आवाजच कोन शिकवतो. पोलाद कार्बनचं की स्टेनलेस? कार्बनला धार लवकर येते पण गंज धरतो. कोकणात किंवा मुंबईत राहत असाल आणि आळस करणार असाल तर स्टेनलेस घ्या.

नव्यांत झोलिंगेनचं डोव्हो आणि बोकर, फ्रान्समधल्या तिएर गावचं तिएर-इसार ही जुनी नावं. 'झोलिंगेन' हे नाव पात्यावर घालायला जर्मनीत कायद्याने बंधन आहे. जुन्या बाजारात इंग्लंडमधल्या शेफिल्डचे वस्तरेही सापडतात, वेड अँड बुचर, जोसेफ रॉजर्स असे ठसे असलेले. गोल्ड डॉलर नावाचा चिनी वस्तरा फार स्वस्त मिळतो, पण तो दगडावर बरीच मेहनत घेतल्याशिवाय दाढीच्या लायकीचा होत नाही. नवख्याने घेऊ नये. ऑनलाइन मिळणारे नक्षीदार, 'दमास्कस' पोलादाचे म्हणून चमकणारे तर सरळ सोडा.

जुना वस्तरा हातात घेतलात की हे बघा. मिटलेला असताना पातं मुठीच्या मधोमध बसतं का. धारेवर गंजाचे काळे खड्डे आहेत का. अंगावरचा डाग चालेल, धारेवरचा खड्डा नाही. उजेडात धार डोळ्यांसमोर आडवी धरा: ती सरळ किंवा किंचित बाहेर फुगलेली असावी, मधे आत गेलेली नको. नखावर हलकेच टेकवून बारीक तडा आहे का ते तपासा. पाठीचा, म्हणजे धारेसमोरच्या जाड बाजूचा, कड दोन्ही बाजूंना सारखाच झिजलेला हवा. वस्तऱ्यात धारेचा कोन पाठीची जाडीच ठरवते. दगडावर पाठ आणि धार दोन्ही एकदम टेकवूनच तो घासतात. पाठ वेडीवाकडी झिजली असेल तर कुठलाही दगड त्याला नीट धार देणार नाही. मूठ फुटलेली असेल तर ती बदलता येते, त्याची काळजी नको.

विकणारा 'धार लावलेला आहे' म्हणेल. तो कागद कापून दाखवेल, हातावरचे केस उडवून दाखवेल. दाढीची धार ही त्याच्या पुढची गोष्ट आहे, म्हणून पहिली धार जाणकाराकडूनच करून घ्या. नाहीतर दाढी ओढली की धार कच्ची आहे का हात कच्चा आहे ते तुम्हाला कधीच कळणार नाही.

पायरी ५: पट्ट्यावर परजणं

प्रत्येक दाढीआधी वस्तरा पट्ट्यावर परजायचा. केस पोलादापेक्षा कितीतरी मऊ असूनही धारेचे बारीक कपचे उडवतो, हे अमेरिकेतल्या एमआयटी या संस्थेतल्या संशोधकांनी २०२० साली सूक्ष्मदर्शकाखाली दाखवून दिलं. पट्टा कपचे भरून काढत नाही, पण वाकलेली, मळलेली धार सरळ आणि स्वच्छ करतो. ब्लेडला ही सोय नाही, म्हणून ते फेकावं लागतं आणि वस्तरा महिनोन् महिने चालतो.

पट्टा खुंटीला अडकवा, दुसरं टोक हातात ताणून धरा. तो झोळासारखा लोंबला की धार गोल होते. वस्तरा पूर्ण आडवा टेकवा, पाठ आणि धार दोन्ही पट्ट्याला लागलेली. पाठ पुढे, धार मागे, अशी ओढ. टोकाला पोचलात की पाठीवरच कूस बदला आणि परत या. कूस धारेवर बदललीत तर पट्टा कापला जातो, आणि हे जवळजवळ प्रत्येक नवख्याच्या हातून होतं. म्हणून पहिला पट्टा स्वस्तातला घ्या. पट्ट्याला कापडाची बाजू असेल तर आधी तिच्यावर वीसेक वेळा, मग चामड्यावर पन्नास-साठ वेळा. वेग नको. सलूनमधल्या जुन्या कारागिराचा सपासप हात बघून तसं करायला जाऊ नका. वजन वस्तऱ्याचं तेवढंच, मनगटाचा दाब शून्य.

दाढी झाल्यावर लगेच परजू नये. धारेला एक दिवस विश्रांती द्या.

पायरी ६: पहिली दाढी

सुट्टीचा दिवस निवडा. आंघोळ झाल्यावर करा, केस भिजून मऊ झालेले असतात. साबणाचा फेस ओलसर हवा. बोअरचं किंवा टँकरचं जड पाणी असेल तर फेस बसत नाही, मग प्यायचं फिल्टरचं पाणी वाटीभर घ्या. या वाटीभर पाण्याने जो फरक पडतो तो महागड्या साबणाने पडत नाही.

पहिल्या आठवड्यात फक्त गाल. कल्ल्यापासून जबड्यापर्यंत, सुलट्या हाताने, केस ज्या दिशेने वाढतात त्या दिशेने. बाकीची दाढी नेहमीच्या रेझरने उरका. दुसऱ्या हाताच्या बोटांनी कानापाशी कातडी वर ताणून धरा, आणि ही बोटं कोरडी हवीत नाहीतर घसरतात. जवळ तुरटीचा ओला खडा ठेवून बोटं त्यावर टेकवली की पकड येते. पातं आधी गालाला सपाट टेकवा, मग पाठ जराशी उचला, पाठ आणि गाल यांत साधारण तीस अंशांचा कोन. कमी उचललंत तर केस ओढले जातात, जास्त उचललंत तर कातडी खरवडली जाते. छोटे, इंच-दीड इंचाचे हात मारा. बारीक चरचर असा आवाज येत असेल तर कोन बरोबर आहे. आवाज गेला की थांबा आणि कोन बघा.

पातं कधीही आडवं, धारेच्या लांबीच्या दिशेने सरकवू नका. कापलं जातं ते यानेच. खाली ओढताना सहसा कापत नाही.

गाल जमले की गळा, मग जबड्याची कडा, सगळ्यात शेवटी हनुवटी आणि मिशीची जागा. हनुवटीवर खुंट सगळ्यात राठ असतात आणि हाड उंचसखल असतं, तिथे महिनाभर तरी घाई करू नका. उलटा हात मारायचा मोह दोन महिने आवरा. सलूनमध्ये 'उलटा मारू का' असं विचारतात तो हात समोरच्याच्या चेहऱ्यावर मारणं सोपं, आरशात बघून स्वतःच्या गळ्यावर मारणं फार वेगळं.

सुरुवातीला पंचवीस-तीस मिनिटं लागतील. हा वेळही खर्चच आहे. रोज सकाळी आठ पाचची लोकल धरणाऱ्याने तो आधी मोजावा.

शेवटी गार पाणी आणि तुरटीचा खडा. तुरटी लावल्यावर कुठे जास्त झोंबलं ते लक्षात ठेवा. त्या जागी दाब जास्त पडला किंवा कोन चुकला असं समजा.

पायरी ७: जपणूक

दाढी झाली की वस्तरा पाण्याने धुवा, मुठीच्या फटीत पाणी जाऊ देऊ नका, मऊ कापडाने पाठीकडून धारेकडे पुसा. उघडाच ठेवून तासभर वाळू द्या. बाथरूममध्ये ठेवू नका, कपाटात ठेवा, आणि घरात लहान मूल असेल तर कुलपात. पावसाळ्यात कार्बन पोलादाच्या पात्यावर रोज शिवणयंत्राच्या तेलाचा पुसटसा हात फिरवा. खोबरेल वापरू नका, ते कालांतराने चिकट होतं. हे चार महिने ज्याने सांभाळलं त्याचा वस्तरा पुढच्या पिढीला जातो. ज्याने नाही सांभाळलं त्याची १६,०००ची गुंतवणूक धारेवरच्या एका गंजाच्या ठिपक्याने पुन्हा दगडावर जाते.

जे ब्लेड वापरत राहतील त्यांनीही एक करावं. वापरलेली ब्लेडं सुटी कचऱ्यात टाकू नयेत, कचरा वेचणाऱ्यांचे हात कापतात. एखाद्या पत्र्याच्या डबीला वर चीर पाडून त्यात साठवा आणि डबी भरली की चिकटपट्टीने बंद करून, वर 'ब्लेड' असं लिहून द्या.

पायरी ८: धार उतरली की

दाढी ओढायला लागली, पट्ट्यावर नेहमीपेक्षा जास्त वेळा परजूनही फरक पडला नाही की समजा दगडाची वेळ झाली. त्याआधी एक मधली पायरी आहे: क्रोमियम ऑक्साइडची हिरवी पेस्ट लावलेल्या वेगळ्या पट्ट्यावर आठ-दहा वेळा फिरवा. बऱ्याचदा एवढ्याने दोन-तीन महिने निघतात आणि धारेचे ८०० रुपये पुढे ढकलले जातात. रोजच्या पट्ट्याला ही पेस्ट लावू नका.

सायकलवर चाक बसवून सुऱ्या-कात्र्यांना धार लावणारे फिरतात, त्यांच्याकडे वस्तरा कधीही देऊ नका. ते त्यांच्या कामात वाकबगार असतात, पण फिरत्या चाकावर वस्तऱ्याचं पातळ पोलाद तापतं, त्याचा कस जातो, खोलगट बाजू खरवडल्या जातात. त्यानंतर तो दुरुस्त होत नाही. गावात जुना न्हावी अजून दगड बाळगून असेल तर त्याच्याकडे जा, आणि तो धार लावताना शेजारी बसायची परवानगी मागा.

स्वतः दगड घ्यायचा तर पहिल्या वर्षात घेऊ नका. धार चांगली म्हणजे काय हे गालाला आधी कळायला हवं. घ्याल तेव्हा बारीक दगडापासून सुरू करा: ८,००० किंवा १२,००० नंबरचा. जाणकाराने एकदा लावून दिलेली धार त्यावर ताजी करता येते. १,००० नंबरचा भरड दगड फक्त खड्डा पडलेल्या किंवा पार गेलेल्या धारेसाठी लागतो, आणि तो नवख्याच्या हातात वर्षांचं पोलाद मिनिटांत खातो. दगड सपाट आहे ना हे दर वेळी बघा, पाठीवर चिकटपट्टीचा एक थर लावा म्हणजे ती झिजणार नाही, आणि हात पट्ट्याच्या उलट्या दिशेने चालवा: दगडावर धार पुढे, पाठ मागे. सरावासाठी बाजारातला दुसरा एखादा पन्नास-शंभर रुपयांचा, मूठ मोडलेला पण पोलाद चांगलं असलेला वस्तरा घ्या. दाढीचा वस्तरा त्या दगडाला लावा तो या सरावाच्या वस्तऱ्याने न ओढता एक गाल साफ झाल्यावर.